जुन्या राक्षसपटांतल्या मूळ वस्तू इतक्या कमी का उरल्या, आणि पडद्यामागच्या कथांपैकी विश्वास कोणत्यांवर ठेवावा?

जुनी_रिळे (प्रश्न)

नमस्कार. गेली तीन-चार वर्षे मी १९२५ ते १९५५ या काळातले राक्षसपट क्रमवार पाहत आहे, आणि पाहता पाहता पडद्यावरच्या कथेपेक्षा ती घडवणाऱ्या कारागिरांबद्दलचे कुतूहल अधिक वाढत गेले आहे. युनिव्हर्सलचे ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ १९३१ या एकाच वर्षातले, ‘द ममी’ १९३२ चा, ‘किंग काँग’ १९३३ चा. इतक्या गाजलेल्या चित्रपटांचे मुखवटे, पोशाख, बाहुल्या आणि यंत्रे कोणत्या तरी वस्तुसंग्रहालयात नीट मांडून ठेवलेली असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात शोध घेऊ लागलो तेव्हा हाती लागली ती तुटपुंजी यादी: कुठे एखादी केप, कुठे एक धातूचा सांगाडा, कुठे एकच उरलेले पोस्टर. बाकीचे सगळे गेले कुठे?

दुसरी अडचण कथांची आहे. एकाच गोष्टीबद्दल तीन ठिकाणी तीन तऱ्हा वाचायला मिळतात. ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये बोरिस कार्लोफ या नटाने साकारलेला राक्षस चित्रीकरणाच्या वेळी खरोखरच हिरवा रंगवला होता का? ड्रॅक्युला साकारणाऱ्या बेला लुगोसीला ‘ड्रॅक्युला’मधल्याच केपमध्ये पुरले का? काँगच्या काही दृश्यांत अस्वली कातड्यातला माणूस होता, असेही काही जण ठामपणे सांगतात. यातले काय धरावे आणि काय सोडावे, हे ठरवण्याची काही रीत आहे का?

तिसरा प्रश्न थोडा खासगी आहे. ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’चे एक लॉबी कार्ड (चित्रगृहाच्या दालनात लावायचे छोटे जाहिरातचित्र) मी एका विक्रेत्याकडून १९३५ चे मूळ कार्ड म्हणून घेतले आहे. ते खरे आहे की नाही हे घरच्या घरी कितपत तपासता येईल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

रंगपेटी

मी रंगमंचावर रंगभूषा करतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या कामाच्या बाजूने देतो. ‘फ्रँकेन्स्टाइन’मधल्या राक्षसाचा ‘मुखवटा’ उरला नाही, याचे कारण असा मुखवटा कधी नव्हताच. जॅक पियर्स हे युनिव्हर्सलचे प्रमुख रंगभूषाकार दररोज सकाळी बोरिस कार्लोफना खुर्चीत बसवून कापसाचे पातळ थर आणि कोलोडियन (कातडीवर सुकून पापुद्रा धरणारे द्रावण) यांच्या साहाय्याने ते सपाट माथ्याचे, पुढे आलेल्या कपाळाचे डोके थेट त्यांच्या कातडीवर उभे करीत. या कामाला सुमारे चार तास लागत, आणि संध्याकाळी ते सगळे द्रावकाने सोडवून, ओरबाडून काढावे लागे. जी वस्तू रोज नव्याने घडते आणि रोज रात्री कचऱ्यात जाते, तिचा संग्रह कोण आणि कसा करणार? फोम रबराचे साच्यातून काढलेले तयार भाग चेहऱ्यावर चिकटवण्याची पद्धत हॉलिवूडमध्ये १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’च्या सुमारास रुळली, पियर्स मात्र हाताने थर चढवण्याच्या आपल्या पद्धतीला बरेचसे धरून राहिले, आणि पुढे स्टुडिओने त्यांना निरोप दिला त्यामागे हेही एक कारण होते.

त्या डोक्याच्या आकारामागचा विचारही मला फार मोलाचा वाटतो. मेंदू बदलायचा तर शल्यविशारद कवटी कशी उघडील, असा प्रश्न पियर्सनी स्वतःला विचारला आणि भांड्याचे झाकण कापावे तसा माथा सरळ आडवा कापून पुन्हा बसवल्याची कल्पना केली. कपाळावरचे टाके आणि चिमटे त्यातूनच आले. कार्लोफनीही आपल्याकडून भर घातली. डोळे फार सजग, फार माणसासारखे दिसतात, हे त्यांच्या लक्षात आले आणि पापण्यांवर मेणाचा थर देऊन त्या जड करण्याची सूचना त्यांचीच होती. त्यांच्या तोंडात एका बाजूला काढता येण्याजोगे दात होते. ते काढून ठेवल्यावर गाल आत ओढला गेला, आणि त्या खोलगट गालाची सावली आज प्रत्येक छायाचित्रात ओळखू येते. पायांतले जड बूट डांबरी रस्ते करणाऱ्या कामगारांच्या बुटांसारखे होते आणि चालण्यातला तो ओढलेपणा बराचसा त्यांच्या वजनातून आला होता. इतके करून प्रदर्शनाच्या वेळी सुरुवातीच्या नामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे फक्त एक प्रश्नचिन्ह होते.

हिरव्या रंगाची कथा खरी आहे, पण अर्धी. पियर्सनी करड्या-हिरव्या छटेचा रंग वापरला तो राक्षस हिरवा दिसावा म्हणून नव्हे, तर कृष्णधवल फितीवर ती छटा प्रेतासारखी फिकट उमटते म्हणून. प्रेक्षकाला हिरवेपण दिसावे असा हेतूच नव्हता. पोस्टरे, मुखवटे आणि खेळणी यांनी ते पुढे लोकांच्या डोळ्यांत बसवले. या कथेला आधार देणारी एक वस्तू आहे. १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’च्या वेळी घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली एक छोटी रंगीत फीत टिकून राहिली असून तीत पूर्ण रंगभूषेतले कार्लोफ जीभ काढून पियर्सचा गळा दाबण्याचा खेळ करताना दिसतात. चेहऱ्याचा हिरवट रंग तीत स्पष्ट आहे. मला स्वतःला ती फीत पाहताना गहिवरून आले, कारण दोन थकलेल्या कारागिरांमधला स्नेह तीत जसा दिसतो तसा कोणत्याही मुलाखतीत दिसत नाही.

‘द ममी’बद्दल एवढेच सांगतो की त्या पट्ट्यांमध्ये गुंडाळलेल्या रूपासाठी सुमारे आठ तास लागले आणि पडद्यावर ते रूप सुरुवातीच्या प्रसंगात जेमतेम काही क्षण दिसते. ‘द वुल्फ मॅन’साठी १९४१ मध्ये पियर्सनी याकचे केस झुबक्याझुबक्याने चिकटवले आणि तापलेल्या चिमट्याने ते होरपळून रानटी केले. ‘द इन्व्हिजिबल मॅन’मध्ये तर जपून ठेवण्याजोगे काही नव्हतेच: विशेष दृश्ये करणाऱ्या जॉन फुल्टन यांनी काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीपुढे काळ्याच मखमलीत झाकलेल्या नटावर कपडे चढवून चित्रण केले आणि उरले ते सगळे प्रयोगशाळेतल्या छपाईत घडले.

मूळ पेटी पाहायचीच असेल तर लॉन चेनी यांची आहे. १९२५ च्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’मधला कवटीसारखा चेहरा स्वतःच्या हाताने घडवणाऱ्या या नटाची रंगभूषेची पेटी लॉस अँजेलिस परगण्याच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाकडे आहे. चेहरा गेला आणि पेटी राहिली, याचे मला नवल वाटत नाही, कारण पेटी दुसऱ्या दिवशी लागणार होती.

चोवीस_चौकटी

रंगपेटी यांनी चेहऱ्यांबद्दल लिहिले, मी बाहुल्या आणि पोशाखांबद्दल लिहितो. मी स्वतः एकेक चौकट टिपून बाहुल्या हलवण्याचे काम करतो आणि रबर कसे मरते हे माझ्या कपाटात रोज पाहतो. लेटेक्स आणि फोम रबर हवेतल्या ऑक्सिजनने, प्रकाशाने आणि उष्णतेने बदलत जाते: आधी चिकट होते, मग कडक, मग भुगा. आतला धातूचा सांगाडा मात्र तसाच राहतो. त्यामुळे राक्षसपटांतले काय टिकले याचा अंदाज बांधायचा तर ती वस्तू कशाची होती एवढे विचारले तरी बहुतेक वेळा उत्तर मिळते.

‘किंग काँग’ हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. विशेष दृश्यांचे प्रमुख विलिस ओब्रायन यांच्या हाताखाली मार्सेल डेल्गाडो यांनी काँगच्या ज्या बाहुल्या घडवल्या, त्या जेमतेम दीड-दोन फुटांच्या होत्या. सांध्यासांध्यांतून वळणारा धातूचा सांगाडा, त्यावर स्नायूंसारखा फुगणारा मऊ भराव, त्यावर लेटेक्स आणि सर्वांत वर सशाची कातडी, अशी ती रचना होती. कातडी कुजली, भराव झडला, सांगाडे राहिले. त्यांपैकी सुमारे २२ इंचांचा एक सांगाडा २००९ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात १,२१,२५० पौंडांना विकला गेला. ते छायाचित्र मी कितीदा पाहिले असेल! गंजाचे डाग पडलेला, जवळजवळ माणसाच्या सांगाड्यासारखा तो आकार पाहून लक्षात येते की एम्पायर स्टेट इमारतीवरचा तो संताप या काही खिळ्यासांध्यांमधून व्यक्त झाला होता.

कातड्यातल्या माणसाच्या कथेचा निकालही इथेच लागतो. काँगची भूमिका आपण अंगात कातडे घालून केली, असे दावे नंतरच्या वर्षांत झाले आणि वृत्तपत्रांनी ते छापलेही. पण पडद्यावरच्या केसांकडे नीट पाहा. काँग स्थिर उभा असतानाही त्याचे केस वाऱ्याने हलल्यासारखे थरथरतात, कारण दोन चौकटींच्या दरम्यान बाहुली हलवणाऱ्याची बोटे प्रत्येक वेळी केसांवर वेगळ्या जागी दाबली जात होती. माणसाने घातलेल्या कातड्याचे केस असे हलत नाहीत. सशाच्या केसांत राहिलेले ते बोटांचे ठसे एकेक चौकट टिपल्याचा पुरावा आहेत. मोठ्या आकाराचे भाग होते, हे मात्र खरे: अभिनेत्री फे रे यांना धरण्यासाठी यंत्रावर चालणारा मोठा हात होता, आणि डोके-खांदे असलेला अर्धपुतळा होता ज्याच्या आत बसून माणसे त्याचे डोळे आणि जबडा हलवीत. काँगची उंचीही एकसारखी नाही. बेटावर तो १८ फुटांच्या प्रमाणात आहे, न्यूयॉर्कमध्ये २४ फुटांच्या, आणि जाहिरातीत ५० फुटांचा. गर्जनेसाठी मरे स्पिव्हॅक यांनी सिंह-वाघांच्या डरकाळ्या उलट आणि संथ चालवून एकत्र केल्या. शेवटच्या प्रसंगात काँगवर गोळ्या झाडणाऱ्या विमानात स्वतः दिग्दर्शक मेरियन कूपर आणि अर्नेस्ट शूडसॅक बसलेले आहेत. बेटावरची ती प्रचंड भिंत कुठे गेली, असे कोणी विचारले तर उत्तर नोंदलेले आहे: १९३८ च्या डिसेंबरमध्ये ‘गॉन विथ द विंड’मधल्या अटलांटाच्या आगीच्या चित्रणासाठी ती इतर जुन्या नेपथ्याबरोबर जाळली गेली. स्टुडिओच्या लेखी ती सांभाळण्याची वस्तू नव्हती, जळण होते.

जपानी बाजू यात यायलाच हवी. तोहो कंपनीचा ‘गोजिरा’ (इंग्रजीत ‘गॉडझिला’) ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती आणि चित्रपटाची सुरुवातच एका नौकेच्या नाशाने होते. तिथल्या प्रेक्षकांना ते संदर्भ समजावून सांगावे लागले नाहीत. विशेष दृश्यांचे प्रमुख एजी त्सुबुराया हे ‘किंग काँग’चे निस्सीम चाहते होते आणि त्यांनाही एकेक चौकट टिपण्याचीच पद्धत हवी होती, परंतु हाताशी असलेल्या वेळात ते शक्य नसल्याने पोशाखातला नट हा मार्ग निघाला. पहिला पोशाख सुमारे १०० किलो वजनाचा झाला; त्यात धड चालता येईना म्हणून तो कमरेतून कापून पायांच्या दृश्यांसाठी वापरला आणि दुसरा, तुलनेने हलका पोशाख तयार केला. आतले हारुओ नाकाजिमा प्राणिसंग्रहालयात जाऊन मोठ्या प्राण्यांच्या चालीचा अभ्यास करीत. दिव्यांच्या उष्णतेत पोशाखातून निघणारा घाम कपात मोजण्याइतका असे, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. तो पोशाख कोळशासारखा करडा होता. गोजिरा हिरवा मानला जातो तो बराचसा पोस्टरांमुळे, म्हणजे फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाचेच दुर्दैव याच्याही वाट्याला आले. गर्जना संगीतकार अकिरा इफुकुबे यांची: राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बासच्या सैल केलेल्या तारेवर ओढून काढलेला आवाज ध्वनिमुद्रित करून संथ केला.

घाम, उष्णता आणि रबर या तीन गोष्टी एकत्र आल्यावर पोशाख किती टिकणार, हे मी वेगळे सांगायला नको. एकेक चौकट टिपून राक्षस हलवणाऱ्या रे हॅरीहाउसन यांच्या बाहुल्या तुलनेने मोठ्या संख्येने राहिल्या, कारण त्यांनी त्या स्टुडिओकडे न सोडता स्वतःच्या घरी ठेवल्या आणि १९८६ मध्ये त्यांच्यासाठी एक न्यास स्थापन केला. तरीही त्या न्यासाचे मोठे काम पुन्हा रबराशी झुंजण्याचेच आहे. ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’मधल्या सात सांगाड्यांच्या लढाईला साडेचार महिने लागले होते, ते सांगाडे जगले तर त्यांच्या धातूमुळे आणि मालकाच्या ममत्वामुळे.

कृष्णधवल

वरच्या दोन्ही प्रतिसादांना थोडी पुरवणी जोडतो.

धातू टिकतो याचे आणखी एक उदाहरण म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी विद्युत्यंत्रे. ती केनेथ स्ट्रिकफॅडन यांनी बनवली आणि आपल्याजवळच ठेवली. १९७४ मध्ये मेल ब्रुक्स यांनी ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ काढला तेव्हा तीच यंत्रे पुन्हा चालवली गेली. त्रेचाळीस वर्षांनंतर तीच ठिणगी तशीच पडद्यावर आली, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

लुगोसी यांच्या केपबद्दल: ऑगस्ट १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यांना ड्रॅक्युलाच्या एका केपमध्ये पुरले, हे खरे आहे. परंतु त्यांच्याकडे एकाहून अधिक केप होत्या. १९३१ च्या चित्रपटातली म्हणून जतन केलेली केप कुटुंबाकडे राहिली आणि २०१९ मध्ये त्यांच्या मुलाने ती लॉस अँजेलिसच्या अकॅडमी चित्रपट संग्रहालयाला दिली. याच कुटुंबाने वडिलांच्या चेहऱ्याच्या व्यापारी वापराबद्दल युनिव्हर्सलविरुद्ध दावा लढवला होता. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क वारसांकडे जात नाही असा निर्णय दिला, आणि त्यानंतर काही वर्षांतच त्या राज्यात वारसांना असा हक्क देणारा कायदा झाला. मुखवटे आणि बाहुल्यांचा आजचा सगळा व्यापार त्या वादाच्या छायेत उभा आहे. प्रसिद्ध ‘ड्रॅक्युलाची अंगठी’ कोणी १९३१ ची म्हणून दाखवली तर सावध राहावे, कारण ती त्या चित्रपटात नाही; लुगोसींच्या बोटात ती १९४८ च्या ‘ॲबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेन्स्टाइन’मध्ये दिसते. सुळ्यांचेही तसेच आहे. १९३१ च्या ड्रॅक्युलाला सुळे नाहीत.

एक तक्रार नोंदवल्याशिवाय राहवत नाही. १९५४ च्या ‘क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून’मधला खवलेधारी जलचर मिलिसेंट पॅट्रिक यांनी रेखाटला. स्टुडिओने त्यांना प्रचारदौऱ्यावरही पाठवले, पण दौऱ्याचे मूळ नाव ‘राक्षस घडवणारी सुंदरी’ अशा अर्थाचे होते ते रंगभूषा विभागाचे प्रमुख बड वेस्टमोर यांच्या आक्षेपामुळे ‘राक्षसांसोबत राहणारी सुंदरी’ असे बदलले गेले, नामावलीत श्रेय एकट्या वेस्टमोरना मिळाले आणि दौऱ्यानंतर पॅट्रिक यांना तिथे पुन्हा काम मिळाले नाही. पोशाखाच्या आत जमिनीवर बेन चॅपमन होते आणि फ्लोरिडातल्या वकुला झऱ्यांच्या पाण्याखाली रिकू ब्राउनिंग होते, जे पाठीवर हवेची टाकी न घेता मिनिटामिनिटांनी श्वास रोखून पोहत आणि दोन चित्रणांच्या मध्ये नळीतून हवा घेत. संग्राहकांनी त्या जलचराच्या हाताच्या पंजासाठी मोठ्या रकमा मोजाव्यात आणि तो पंजा कागदावर प्रथम काढणाऱ्या बाईंचे नाव अनेक दशके विसरले जावे, हा अन्याय आहे, आणि अशा चर्चेत ते नाव प्रत्येक वेळी यायला हवे असे मला वाटते.

कागद_आणि_शाई

मी कागदी वस्तूंच्या जतनाचे काम करतो. धातू टिकतो, रबर जाते, हे वर आलेच आहे. कागदाचे भवितव्य मात्र निव्वळ योगायोगावर ठरते. त्या काळचे एक-पानी पोस्टर २७ × ४१ इंचांचे असे, बारा-पंधरा दिवस चित्रगृहाबाहेर लागे आणि मग परत जाई, फाटे किंवा त्याच्यावरच पुढचे पोस्टर चिकटवले जाई. या शेवटच्या सवयीनेच काही पोस्टरे वाचली. २०१२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका माळ्यावर सापडलेली ३३ पोस्टरे लिलावात एकूण ५,०३,००० डॉलरना विकली गेली. ती एकमेकांवर खळीने चिकटून एक जाड थर झाली होती आणि वाफेने हळूहळू सुटी करावी लागली. त्यांत १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’चे पोस्टर होते. ‘फ्रँकेन्स्टाइन’चे एक सहा फुटी पोस्टर लाँग आयलंडवरच्या बंद पडलेल्या चित्रगृहाच्या प्रक्षेपण कक्षात सापडले होते आणि २०१५ मध्ये ते ३,५८,५०० डॉलरना गेले.

किमतींचा चढ समजण्यासाठी तीन आकडे पुरेत. ‘द ममी’चे पोस्टर १९९७ मध्ये ४,५३,५०० डॉलरना विकले गेले. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’चे पोस्टर २०१४ मध्ये ४,७८,००० डॉलरना, आणि ‘ड्रॅक्युला’चे २०१७ मध्ये ५,२५,८०० डॉलरना. मधल्या पोस्टरापाशी मी नेहमी थांबतो. लॉन चेनी यांच्या १९२७ च्या त्या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या फितींच्या तिजोरीतल्या आगीत नष्ट झाली. चित्रपट आज पाहता येत नाही. स्थिरचित्रे आहेत आणि एक पोस्टर आहे. जाहिरात उरली आणि जिची जाहिरात केली ती कलाकृती नाहीशी झाली.

संग्राहकांचे ऋण इथे मान्य करावेच लागते. फॉरेस्ट ॲकरमन यांनी १९५८ पासून ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ हे मासिक चालवले, स्टुडिओंनी टाकून दिलेले कितीतरी घरी आणले आणि शनिवारी ते घर कोणालाही विनामूल्य पाहू दिले. २००८ मध्ये ते गेले आणि पुढच्याच वर्षी संग्रह लिलावात विखुरला. त्याचे एकसंध संग्रहालय झाले नाही याची खंत मला आजही आहे.

आता तुमचे कार्ड. घरच्या घरी चार गोष्टी पाहता येतात. पहिली, माप: लॉबी कार्ड १४ × ११ इंचांचे असते, त्यात कमतरता असेल तर कोणती बाजू कापली आहे ते शोधा. दुसरी, भिंग: सहसा समासातला मजकूर सलग शाईत असतो, तर छायाचित्रावरून काढलेल्या नकलेत अक्षरेही रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. तिसरी, अतिनील दिवा: साधारण १९५० पासून कागदात चमक आणणारी रसायने घालू लागले आणि तो कागद अंधारात निळसर-पांढरा उजळतो. कार्ड उजळले तर ते १९३५ चे नाही. न उजळले तर मात्र एवढ्यावरून ते १९३५ चे ठरत नाही, हे लक्षात ठेवा. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, तळाचा समास. युनिव्हर्सलचे जुने भयपट १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून रिअलआर्ट या कंपनीने पुन्हा प्रदर्शित केले आणि त्या पुनर्प्रदर्शनाच्या कार्डांवर तिचे नाव असते. २००९ च्या सुमारास युनिव्हर्सलच्या भयपटांच्या बनावट लॉबी कार्डांचे मोठे प्रकरण उघडकीस आले आणि अनुभवी संग्राहकही त्यात फसले होते, त्यामुळे शंका घेण्यात संकोच नको.

जुनी_रिळे

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळी तपासणी केली. रुंदी बरोबर १४ इंच आहे, उंची १०.५ इंच. तळाची कड इतर तीन कडांपेक्षा स्पष्टपणे पांढरी आहे. अतिनील दिव्याखाली पूर्ण कार्ड निळसर उजळले. अक्षरे मात्र सलग शाईची आहेत, ठिपके कुठेही नाहीत. एल्सा लँचेस्टर यांचे तारेच्या सांगाड्यावर उभे केलेले ते केस भिंगातून पाहताना मला रंगपेटी यांची आठवण झाली. हे नक्की काय समजावे? आणि ते कसे ठेवावे?

कागद_आणि_शाई

आपण वर्णन केले त्यावरून हे पुनर्प्रदर्शनाचे खरे कार्ड दिसते, आधुनिक नक्कल नव्हे. तळाचा अर्धा इंच नेमका तिथेच गेला आहे जिथे रिअलआर्टचे नाव असायला हवे होते, आणि कड पांढरी आहे याचा अर्थ काप अलीकडचा आहे. बाकीच्या कडा सत्तर वर्षांच्या हवेने पिवळ्या पडल्या, हिला ती हवा लागलेली नाही. १९३५ चे म्हणून दिलेली रक्कम परत मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे; दिव्याखालचे छायाचित्र आणि मापांसह विक्रेत्याला लेखी कळवा.

ते ठेवणार असाल तर पॉलिएस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा देऊन, उन्हापासून दूर ठेवा. पीव्हीसीचे पाकीट वापरू नका आणि लॅमिनेशन तर कदापि नको. कापलेली कड रंगवून जुनी दिसेल असे काही करू नका. पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा: पुनर्प्रदर्शनाचे कार्ड, तळ कापलेला, उंची १०.५ इंच.

जुनी_रिळे

विक्रेत्याला पत्र पाठवले आहे. कार्ड मात्र परत करावेसे वाटत नाही, म्हणून रकमेतला फरक तेवढा मागितला आहे. पुठ्ठ्यावर आपण सांगितले तसेच लिहिले, आणि त्याखाली जॅक पियर्स यांचे नाव, कारण पूर्ण समास शाबूत असता तरी कार्डावर ते कुठे सापडले नसते.